नवा पीसी सारखा हँग होतोय, रीस्टार्ट होतोय? प्रोसेसरचा ब्रँड बदलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं वाचा. यातलं एक किंवा दोन तुमच्या पीसीला लागू पडत असतील, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालता चालता काहीही न सांगता बंद पडतं आणि डेस्कटॉप समोर येतो.
- ब्लू स्क्रीन येते आणि दर वेळी वेगळा कोड दाखवते.
- ब्लू स्क्रीनही येत नाही. पडदा काळा होतो आणि पीसी आपोआप पुन्हा सुरू होतो.
- जड काम दिलं तर तासन्‌तास नीट चालतो, पण नुसता पडून असताना रीस्टार्ट होतो.
- मोठी झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’ असं येतं, आणि तीच फाइल पुन्हा उघडली की उघडते.
- ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असूनही गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येतो.

असे पीसी माझ्याकडे सतत येतात, आणि बहुतेक मालकांचं निदान आधीच ठरलेलं असतं. इंटेल घेतलेला म्हणतो, ‘एएमडी घ्यायला हवा होता’. एएमडी घेतलेला म्हणतो, ‘इंटेलच बरा होता’. बरेच जण नवा प्रोसेसर आणि त्यासोबत नवा मदरबोर्ड घेण्याच्या तयारीत असतात. त्यांना मी एवढंच सांगते की थांबा, आधी एक पैसाही खर्च न होणाऱ्या गोष्टी तपासू. दोष बहुतेक वेळा रॅमच्या सेटिंगमध्ये, बायोसमध्ये (मदरबोर्डमधलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) किंवा वीजपुरवठ्यात निघतो. खुद्द प्रोसेसर बिघडलेला असणं ही शेवटची शक्यता आहे. ती खरी ठरल्याची उदाहरणं दोन्ही कंपन्यांकडे आहेत, त्यांचं पुढे सांगतेच.

१. विंडोजची नोंदवही वाचा

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात सिस्टिम लॉगमध्ये जा आणि पीसी पडला त्या वेळेच्या नोंदी बघा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसली की लोक लगेच पॉवर सप्लाय बदलायला निघतात. या नोंदीचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. का झालं नव्हतं, हे ती सांगत नाही.

कामाची नोंद ‘व्हिआ-लॉगर’ची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका विंडोज या नावाने नोंदवतं). १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली, पण हार्डवेअरने ती सावरली. १८ म्हणजे सावरता आली नाही. १७ बहुधा पीसीआय एक्स्प्रेसबद्दल असते, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, त्याची रायझर केबल किंवा एनव्हीएमई ड्राइव्हकडे बघायचं. १८ ची नोंद उघडली की आत ‘प्रोसेसर एपीआयसी आयडी’ नावाची ओळ असते. पाच-सहा वेळच्या नोंदी काढून तो आकडा वहीत लिहून ठेवा. दर वेळी तोच आकडा येत असेल तर प्रोसेसरच्या एका ठरावीक कोअरवर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) संशय घ्यायला जागा आहे. आकडा बदलत असेल तर दोष बहुधा सगळ्या कोअरना मिळून लागणाऱ्या गोष्टीत आहे: मेमरी, व्होल्टेज, वीज. पुढच्या सगळ्या तपासण्यांची दिशा या एका ओळीवरून ठरते, म्हणून ती चुकवू नका.

२. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा

एक्सएमपी किंवा एक्स्पो म्हणजे रॅमला खोक्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी बायोसमधली तयार सेटिंग. माझ्या हातून सर्वांत जास्त पीसी दुरुस्त झाले ते या एका सेटिंगने.

रॅमच्या खोक्यावर ६००० किंवा ६४०० असा आकडा छापलेला असतो, म्हणून तो आपला हक्कच आहे असं वाटतं. पण तो वेग रॅम बनवणाऱ्याने सांगितलेला असतो. प्रोसेसरच्या आत एक मेमरी कंट्रोलर असतो आणि त्याला किती वेग झेपेल याची हमी प्रोसेसर बनवणारा वेगळी देतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी ती डीडीआर५-५२०० आहे, रायझन ९००० साठी ५६००, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या मॉडेलांसाठी ५६००. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंगच, मग ते बायोसमध्ये एका क्लिकवर का मिळेना. आणि हे आकडे दोन रॅम स्टिक धरून आहेत. चारही स्लॉट भरले की हमी झपाट्याने खाली येते. रायझन ७००० मध्ये तर ती ३६०० वर येते. ‘चार लावल्या की भारदस्त दिसतं’ म्हणून चार घेणाऱ्यांना मी नेहमी दोन मोठ्या क्षमतेच्या घ्यायला सांगते.

एक्सएमपी-एक्स्पो बंद करून पीसी नेहमीसारखा वापरा. किती दिवस? दोन बिघाडांमध्ये एरवी जेवढं अंतर असायचं, त्याच्या किमान दुप्पट-तिप्पट. दर दोन दिवसांनी पडणारा पीसी एक तास शांत राहिला, तर त्यावरून काहीच कळत नाही.

पीसी शांत झाला, तर प्रोसेसर चांगला आहे असं धरून चला. बायोस अद्ययावत करून एक्स्पो पुन्हा लावून बघा. तरी त्रास झाला तर वेग एक-दोन पायऱ्या खाली आणा. ६००० वरून ५६०० वर आल्याने रोजच्या कामात फरक जाणवत नाही, पडणारा पीसी मात्र रोज जाणवतो. याच वेळी स्टिक योग्य स्लॉटमध्ये आहेत ना तेही बघून घ्या. दोनच असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट लागतो.

डीडीआर५ बाबत एक सूचना. सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करतो. पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. घाबरून बटण दाबू नका, वाट बघा.

३. बायोसमधली ‘जादा ताकद’ काढून टाका

पीबीओ, मल्टिकोअर एन्हान्समेंट (वेग वाढवणारे पर्याय), कर्व्ह ऑप्टिमायझर, अंडरव्होल्ट (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारे) यातलं काहीही लावलं असेल तर काढा. पडून असताना रीस्टार्ट होणाऱ्या पीसीत अंडरव्होल्ट हा नेहमीचा आरोपी आहे. जड कामात सगळे कोअर मध्यम वेगाने धावतात आणि कमी व्होल्टेज चालून जातं. हलक्या कामात एकच कोअर क्षणभर सर्वोच्च वेगाला उडी मारतो, आणि नेमकं तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून ‘तासभर स्ट्रेस टेस्ट चालली, मग अंडरव्होल्ट ठीक आहे’ हा हिशेब चुकतो.

फक्त ‘लोड डिफॉल्ट्स’ केलं की झालं, असं मात्र नाही. बोर्ड बनवणाऱ्याचं डिफॉल्ट आणि प्रोसेसर बनवणाऱ्याचं डिफॉल्ट या वेगळ्या गोष्टी असू शकतात. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या आय९ च्या के मॉडेलांची कमाल टर्बो पॉवर कागदावर २५३ वॅट आहे. कितीतरी बोर्ड मात्र ही मर्यादा मुळातच उठवून विकले गेले. त्या रकान्यात ४०९६ वॅट असा आकडा दिसायचा, म्हणजे मर्यादाच नाही. नव्या बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ असा स्वतंत्र पर्याय आलाय. तोच निवडा.

४. बायोस अद्ययावत करा

‘कुठला ब्रँड भरवशाचा’ या प्रश्नाचं खरं उत्तर या पायरीत आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ठरावीक परिस्थितीत मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं बायोसमधून मिळतं) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्याने प्रोसेसरच्या आतल्या एका सर्किटची हळूहळू झीज व्हायची आणि स्थिर चालण्यासाठी लागणारं किमान व्होल्टेजच वर सरकायचं. हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोकोड ०एक्स१२९ आणि पुढच्या महिन्यात ०एक्स१२बी आला. २०२५ मध्ये ०एक्स१२एफ आला. बाधित मॉडेलांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवून ५ वर्षं केली गेली. वर दिलेली झिप फाइलची आणि ‘व्हिडिओ मेमरी संपली’ची लक्षणं या दोषाची ठळक खूण आहेत, कारण गेम सुरू होताना जो मोठा डेटा उलगडला जातो तिथे प्रोसेसरकडून एक जरी बिट चुकला तरी पकडला जातो. आता नीट लक्षात घ्या: नवा मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. बायोस बदलूनही लक्षणं तशीच राहिली, तर तो प्रोसेसर वॉरंटीत द्यायचा. १२व्या पिढीला आणि कोअर अल्ट्रा २०० मालिकेला हा दोष नाही. तरी ‘इंटेल म्हणजे खराब’ म्हणून त्यांनाही नाकारणारे लोक मला भेटतात.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. एक्स्पो चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांना मिळणारं) फार वर नेत होते. एएमडीने बायोसमधूनच त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्याआधी काही रायझन पीसी दर थोड्या वेळाने सेकंद-दोन सेकंद अडखळायचे, आवाजासकट. ते एफटीपीएममुळे (प्रोसेसरसोबत येणारी सुरक्षेची सोय) होतं हे एएमडीने २०२२ मध्ये सांगितलं, आणि इलाज पुन्हा बायोसचाच होता.

दोन्हीकडची कहाणी शेवटी व्होल्टेज ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर येते. म्हणून पीसी जुळवल्यावर विंडोज टाकण्याच्याही आधी बायोस अद्ययावत करायचा, हा नियम मी कुठल्याही ब्रँडला लावते.

बायोस बदलताना बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन जुळवून बघा. फाइल फक्त उत्पादकाच्या साइटवरून घ्या. पीसी यूपीएसवर असू द्या. आणि बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेला.

५. तापमान

इथे फार वेळ घालवू नका. रायझन ७००० मधली बरीचशी मॉडेल जड कामात ९५ अंशांपर्यंत जाणारच, ती तशीच बनवली आहेत. एक्स३डी मॉडेलांची मर्यादा ८९ आहे, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या मॉडेलांची १००. मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर वेग कमी करतो, पीसी पडत नाही. तापमान खरोखर हाताबाहेर गेलं तर यंत्र सरळ बंद होतं. त्यामुळे नुसत्या रीस्टार्टमागे उष्णता क्वचितच असते. मात्र काही काम नसतानाही ७०-८० दिसत असेल तर कूलर उतरवा. खालची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायची राहून गेलेले कूलर मी बरेच पाहिलेत.

६. वीज

एक्स्टेन्शन बोर्ड काढून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा ८ पिनचा कनेक्टर आणि २४ पिनचा मोठा कनेक्टर ‘टक’ आवाज येईपर्यंत बसलाय ना, हे बोटाने दाबून खात्री करा. ग्राफिक्स कार्ड जोरात चालू झालं की त्याच क्षणी पडदा काळा होत असेल, तर पॉवर सप्लायवर संशय पक्का होतो.

जुन्या पॉवर सप्लायसोबत रायझन असेल आणि पडून असताना रीस्टार्टचा त्रास असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधा आणि ‘टिपिकल करंट आयडल’ निवडा. प्रोसेसर गाढ झोपला की इतका कमी प्रवाह घेतो की काही जुने पॉवर सप्लाय गडबडतात. याही दोषाचं खापर प्रोसेसरच्या ब्रँडवर फुटतं.

मॉड्युलर केबल एका पॉवर सप्लायच्या दुसऱ्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि बोर्ड, ड्राइव्ह सगळं एका क्षणात जळतं. आणि पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो. पॉवर सप्लायची तपासणी करायची ती दुसरा चांगला लावून. तो नसेल तर इथे थांबा आणि तंत्रज्ञाकडे न्या.

७. रॅमची चाचणी

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर चालवा. आधी एक्सएमपी बंद ठेवून, मग चालू ठेवून. एकही चूक चालत नाही. ‘फक्त दोनच आल्या’ असं म्हणायची सोय नाही. चूक आली तर एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून पुन्हा बघा. एकाच स्टिकला चुका आल्या तर स्टिक खराब. सगळ्या स्टिकना एकाच स्लॉटमध्ये चुका आल्या तर बोर्ड, सॉकेट किंवा मेमरी कंट्रोलर. हा शेवटचा प्रकार पुढे नवव्या पायरीत सुटतो.

८. आता प्रोसेसरची परीक्षा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच प्रोसेसरवर बोट ठेवायचं.

सगळे कोअर एकदम तापवणाऱ्या चाचण्या अर्धंच चित्र देतात. कोअरसायक्लर हे मोफत साधन एका वेळी एकाच कोअरला काम देतं, त्यामुळे तो कोअर त्याच्या सर्वोच्च वेगाला जातो. रात्रभर चालू ठेवा. पहिल्या पायरीत वहीत लिहिलेला आयडी आणि इथे नापास झालेला कोअर एकच निघाला, तर तुमच्या हातात भक्कम पुरावा आहे. आयडी थ्रेडनुसार मोजलेले असतात, म्हणून दोन आकडे एकाच कोअरचे असू शकतात, हे जुळवताना ध्यानात ठेवा. इंटेल असेल तर त्यांचं प्रोसेसर डायग्नॉस्टिक टूलही चालवा, पण त्यात पास झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. झीज झालेले प्रोसेसर त्यात पास होऊन गेममध्ये पडताना मी पाहिलेत.

अजून एक सोपी परीक्षा. बायोसमध्ये कोअरचा कमाल गुणक (मल्टिप्लायर, यावरून वेग ठरतो) दोन-तीन आकड्यांनी कमी करा, म्हणजे ५५ चा ५३ किंवा ५२. एवढ्याने पीसी शांत झाला, तर प्रोसेसर स्वतःचा जाहीर केलेला वेग पेलू शकत नाही असा अर्थ होतो. हा कायमचा इलाज समजू नका. कमी वेगावर गप्प बसलेला प्रोसेसर पुढे आणखी झिजू शकतो आणि तोवर वॉरंटी संपून जाते.

९. प्रोसेसर काढून पुन्हा बसवणं

ही हाताने करायची शेवटची पायरी. कधीच केलं नसेल तर करू नका, जाणकाराला बोलवा.

एएम४ मध्ये (एएमडीचा जुना सॉकेट) पिना प्रोसेसरला असतात. कूलर सरळ वर ओढला तर सुकलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून आणते. म्हणून आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवा. एएम५ (एएमडीचा त्यानंतरचा) आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या नाजूक. तिथे कापूस, कापड, बोट काहीही लावू नका. टॉर्च तिरकी धरून बघा: पिनांच्या रांगेत एकही चमक वेगळी दिसली तर ती पिन वाकलेली आहे. एक वाकलेली पिन रॅमचं अख्खं चॅनल घालवू शकते. कूलर एका बाजूने जास्त घट्ट बसला तरी तेच होतं, त्यामुळे स्क्रू तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे आवळायचे.

तोच सॉकेट असलेला दुसरा चांगला पीसी हाताशी असेल तर तुमचा प्रोसेसर त्यात लावून बघा. दोष प्रोसेसरसोबत गेला तर प्रश्न मिटला. पण सॉकेटवर किंवा प्रोसेसरच्या खालच्या बाजूला काळा डाग, फुगवटा किंवा जळका वास असेल, तर अदलाबदल अजिबात करू नका. एका बिघडलेल्या बोर्डाने दुसरा चांगला प्रोसेसरही जातो.

कुठे थांबायचं

वाकलेली पिन, जळल्याची खूण, पॉवर सप्लायमधून आवाज किंवा वास, बायोस बदलताना अर्धवट बंद पडलेला बोर्ड, आणि बॅकअप नसलेला महत्त्वाचा डेटा. यातलं काहीही असेल तर पुढे स्वतः हात लावू नका. वाकलेली पिन सरळ करण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण पिन तुटली की वॉरंटीही जाते. पीसी दर तासाला पडत असेल तर तपासण्या करत बसण्याआधी डेटा काढून घ्या. मेमरीच्या चुका फाइलींमध्ये गुपचूप लिहिल्या जातात आणि नंतर कळतात.

मग नवा घेताना कोणता?

हे मला दर वेळी विचारलं जातं, तर माझं मत सांगते. ब्रँड बघून भरवसा ठरवू नका, पिढी बघा. १९९४ मध्ये पेंटियममध्ये भागाकाराचा दोष सापडला आणि इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले. २०१७ मध्ये पहिल्या पिढीचे काही रायझन लिनक्सवर जड कंपायलिंग करताना कोसळायचे, तेव्हा एएमडीने वॉरंटीत बदलून दिले. दोन्ही कंपन्या चुकल्या आणि दोन्ही सावरल्या. बाजारात येऊन सहा-आठ महिने झालेली पिढी, ज्याला अजून बायोस अपडेट येत आहेत असा बोर्ड, प्रोसेसरच्या हमीतल्या वेगाजवळची रॅम आणि चांगला पॉवर सप्लाय. एवढं जमवलंत तर डब्यावर कोणाचं नाव आहे याने फारसा फरक पडत नाही. वापरलेला १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ मात्र मी कोणालाच सुचवत नाही. आधीच्या मालकाने तो कुठल्या बायोसवर चालवला हे कळायला मार्ग नसतो, आणि झीज बाहेरून दिसत नाही.

वॉरंटीत देताना

खोक्यातून आलेल्या प्रोसेसरला उत्पादकाची वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा घेतला असेल, किंवा तयार पीसीसोबत आला असेल, तर दावा विकणाऱ्याकडेच करावा लागतो. म्हणून बिल आणि खोकं जपून ठेवा. अर्जात ‘पीसी हँग होतो’ एवढंच लिहू नका. बायोसची आवृत्ती, रॅमचा वेग, व्हिआ-लॉगरच्या नोंदी, नापास झालेला कोअर, आणि डिफॉल्ट सेटिंगवरही दोष येतो हे स्पष्ट लिहा. एक्स्पो किंवा पीबीओ चालू असताना घेतलेले स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून दावा नाकारला जाऊ शकतो. प्रोसेसर काढल्यावर दोन्ही बाजूंचे आणि सॉकेटचे फोटो काढा, पेस्ट पुसून टाका. पाठवताना तो मूळ प्लास्टिकच्या डबीत ठेवा. बोर्ड पाठवायचा असेल तर सॉकेटवर काळं झाकण लावल्याशिवाय पाठवू नका. वाटेत पिना वाकल्या तर दोष तुमच्यावर येतो.